बाईचा नंबर

माझी मोठी बहीण रुख्माबाई तीन शनिवार बालाघाटच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसून राहिली, आणि तिन्ही वेळा डॉक्टरांना न दाखवताच किरनापुरला परत गेली. तिथली नंबर पुकारणारी मशीन मी बनवली होती. पुकारणारा आवाजही माझाच होता. एवढं आधीच सांगून टाकतो, आडून आडून सांगायची मला सवय नाही.

आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. माझं नाव खेमराज. पंचवीस वर्षं मी एका कॉलेजात सी भाषा शिकवली. सी ही कॉम्प्युटरची जुनी आणि कडक स्वभावाची भाषा. नव्या भाषा माणसाला सांभाळून घेतात, ही घेत नाही. मेमरीतली जागा तुम्हीच मागायची, तुम्हीच परत करायची, आणि चुकलात तर भोगायचंही तुम्हीच. पोरं म्हणायची, सर आणि सी एकाच मातीचे. पाठीमागे मला ‘सेमीकोलन सर’ म्हणत, कारण ओळीच्या शेवटी तेवढं एक चिन्ह राहिलं तरी मी वही परत करायचो. मला ते नाव मनातून आवडायचं.

बाई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आमचं गाव खैरलांजीकडचं. मी चार वर्षांचा असताना आई गेली. बाईचं तेव्हा लग्न ठरत होतं. ते तिनं चार वर्षं लांबवलं, बाबांशी भांडून. दिवसा लोकांच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, धानाची रोवणी करायची आणि घरी येऊन माझे पाढे घ्यायची. तिला स्वतःला दहाच्या पुढचे येत नसत. मी म्हणायचो आणि ती मान डोलवायची. मी अडखळलो की तिला बरोबर कळायचं.

गावात तेव्हा पाण्याला एकच बोरिंग होतं. सकाळी आपापले गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, रांगेत ठेवायचे आणि बायकांनी बाजूला सावलीत उभं राहायचं. बाईचा गुंड तिसरा असला की कुणीतरी यायचं, ‘बाई, लेकरू रडून राह्यलं वं’ म्हणायचं, आणि बाई आपला गुंड मागे सरकवायची. “जाऊ दे तिले पयले.” मग दुसरी यायची, मग तिसरी. मी दप्तर पाठीला लावून पाय आपटत राहायचो. शाळेची घंटा तिथपर्यंत ऐकू यायची.

“बाई, तुह्या नंबर कधी येईन?”

“येते ना बाबू. नंबर कुठी पळून जाते का?”

रांगेबद्दलचा माझा राग तिथला आहे. पुढे आयुष्यभर रांगा नीट लावायचं शास्त्र मी शिकवलं, त्याचं मूळ त्या बोरिंगपाशी आहे.

मी आठ वर्षांचा झालो तेव्हा बाईचं लग्न किरनापुरच्या पुनारामभाऊंशी झालं. लेकीनं आपल्या मनानं माहेरी यायचं नाही, माहेरचं कुणीतरी न्यायला यायला हवं, अशी आमच्यात रीत. न्यायला जाणाऱ्याला मुऱ्हाळी म्हणतात. घरात मीच होतो, तेव्हा मुऱ्हाळी मीच. बाबा बसमध्ये बसवून द्यायचे, कंडक्टरला सांगायचे, आणि मी पोचायचो तेव्हा बाई स्टँडवर उभीच असायची. बस कितीची आहे हे तिला कुणी सांगितलेलं नसायचं. सकाळपासूनच उभी असणार, हे मला फार उशिरा सुचलं.

मग माझं शिक्षण, नोकरी, बालाघाटला घर. बाबा गेले, पुनारामभाऊ गेले. भाऊबीजेला मी जायचो, मग एखादी चुकू लागली, आणि गेली चार वर्षं मी एकदाही किरनापुरला गेलो नाही. तासाभराची बस आहे. कारण विचाराल तर कारण नाही, हीच तर लाज आहे. पेपर तपासायचे असत, ट्रेनिंग असे, पाऊस असे. फोनवर मी म्हणायचो, “बाई, पुढच्या महिन्यात येतो.” ती म्हणायची, “हौ, ये ना. मी बरी हावो.” मुदतीआधीच रिटायर झाल्यावर तर काहीच काम नव्हतं. तरी मी हेच म्हणत राहिलो.

त्याच दिवसांत डॉक्टर मंजू घरी आल्या. त्यांच्या दवाखान्याच्या दारात रोज भांडणं व्हायची. डोळ्यात धानाचं कुसळ गेलेला माणूस तळमळत उभा, आणि चष्म्याचा नंबर काढायला आलेला म्हणतो, मी आधी आलो. “सर, कुछ ऐसा बनाइए, कि जो ज़रूरी है वो पहले आए,” डॉक्टर म्हणाल्या. मला असा आनंद झाला की त्यांचा चहा यायच्या आत मी कागद घेऊन बसलो.

अशा रांगेला प्रायॉरिटी क्यू म्हणतात. आधी आलेला आधी, हा नियम तिला नाही. ज्याची गरज मोठी, तो आधी. कॉम्प्युटर ठेवला तर लाइट गेल्यावर सगळं बसतं, म्हणून मी विड्याच्या पानाएवढा एक बोर्ड घेतला, बॅटरीवर चालणारा. त्याच्यात मेमरी इतकी थोडी की तिथं सीशिवाय दुसऱ्या कुणाचं कामच नाही. चौसष्ट घरांची एक पट्टी आखली. पहिल्या घराखाली दुसरं आणि तिसरं. दुसऱ्याखाली चौथं आणि पाचवं. असं उलटं झाड. नियम एकच, खालचा वरच्यापेक्षा जास्त गरजू नसावा. बाकी कोण कुणाच्या पुढे, याची फिकीरच करायची नाही. नवा माणूस शेवटच्या घरात येतो आणि आपल्या वरच्याशी ताडून बघत वर चढतो. सगळ्यात वरचा आत गेला की त्याची जागा रिकामी पडते. तेव्हा शेवटच्या घरातल्याला उचलून तिथं बसवायचं, आणि मग तो आपल्या पायरीपर्यंत खाली उतरत जातो. मी दोन फंक्शनं लिहिली, एकाचं नाव ‘चढ’, दुसऱ्याचं ‘उतर’. दोन्ही मिळून चाळीस ओळी. ‘उतर’ तर इतकं नेटकं जमलं की मी ते पौर्णिमाला, म्हणजे बायकोला, वाचून दाखवलं. तिनं कुकरची शिट्टी मोजत ऐकलं.

दवाखाना तीनला बंद होतो. त्यासाठी शेवटी एक ओळ होती, रांगेतल्या माणसांचा आकडा शून्य करायची. नावं पुसायचीसुद्धा गरज नाही. आकडा शून्य केला की पट्टीत जे कोण असतील ते नाहीतच.

आवाज माझाच भरला. पंखा बंद करून, घाम पुसत, एक ते नव्याण्णव आकडे बोललो, आणि पुढे ‘टोकन नंबर’ आणि मागे ‘आत यावे’. पौर्णिमा म्हणाली, “पेशंटाले बोलावून राह्यले का हजेरी घेऊन राह्यले?”

नोंदणीच्या खिडकीत गीताबाई बसतात. त्यांना चार बटणं दिली. पहिलं, डोळ्याला मार लागलेला किंवा डोळ्यात काही गेलेलं. दुसरं, ऑपरेशन झालेले आणि जुन्या आजाराचे. तिसरं, दुखतंय, लाल झालंय. चौथं, बाकी सगळे. “पेशंटला विचारायचं काय त्रास आहे, तो सांगेल ते बटण दाबायचं,” मी सांगितलं. पहिल्याच आठवड्यात दारातली भांडणं थांबली. डॉक्टरांनी पेढे पाठवले. मी शर्टाची बाही सारखी करत महिनाभर गावात फिरलो.

पावसाळ्यात मशीनचा आवाज घोगरा झाला म्हणून मला बोलावलं. भिंतीवरच्या डब्ब्यातल्या स्पीकरला ओल लागली होती. ती पुसताना डॉक्टर सहज म्हणाल्या, “सर, दिन भर बैठके बिना दिखाए कितने लोग लौटते हैं, मशीन बता सकती है?” सांगू शकत होती. टोकन केव्हा काढलं, कोणता गट, केव्हा पुकारलं, सगळी नोंद एका कार्डावर जात होती. मी लॅपटॉपला कार्ड लावलं. मागच्या शनिवारी एकोणपन्नास आले, त्यातले सहा न दाखवता परत गेले. सहाच्या सहा चौथ्या गटातले. त्यांतल्या एकाचं टोकन सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांचं.

प्रोग्राममध्ये चूक नव्हती. वरच्या गटाचं कुणी ना कुणी येतच राहिलं, की खालचा खालीच राहतो. पुस्तकात याला उपासमार म्हणतात. पंचवीस वर्षं मी हे फळ्यावर लिहिलं, पाच मार्कांचा हमखास येणारा प्रश्न. आणि स्वतःच्या मशीनमध्ये विसरलो. हे नऊ दहाचं माणूस कोण, ते बघायला मी गीताबाईंचं रजिस्टर उघडलं. रुख्माबाई, पति स्वर्गीय पुनाराम, किरनापुर.

मी मागचं पान उलटलं. त्याच्या आधीच्या शनिवारी तेच नाव. त्याच्याही आधी तेच.

“या बाईला चौथ्या गटात कुणी टाकलं?” मी एवढ्या जोरात ओरडलो की बाकावरचं एक मूल रडायला लागलं.

“सर, मी त विचारते ना,” गीताबाई म्हणाल्या. “मी मनते, कसं हाय माय, काय तकलीफ? त्या मनते, बरं आहे जी. मंग मी काय दाबू?”

आमच्याकडे कुणी ‘कसं काय’ विचारलं की आधी ‘बरं आहे जी’ म्हणायचं असतं. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असलं तरी. दुखणं सांगायचं ते दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारल्यावर. पहिल्याच फटक्यात रडगाणं गाणाऱ्या माणसाला हलका समजतात. मी त्याच घरात वाढलो. आणि मशीनला सांगून आलो की पेशंट पहिल्यांदा जे बोलेल ते खरं.

घरी येऊन मी त्या शनिवारची नोंद एकेक पायरी करून चालवली. बाईचं टोकन चार नंबरचं. दर वेळी वरचा आत गेला की शेवटच्या घरातल्याला उचलून वर बसवायचं, हे मी सांगितलंच. शेवटच्या घरात बहुतेक वेळा बाईच होती. त्या दिवसात अकरा वेळा ती सगळ्यांच्या वर जाऊन बसली आणि पापणी लवायच्या आत ‘उतर’नं तिला पुन्हा तळाशी पाठवलं. तेच फंक्शन, ज्याच्यावर माझा एवढा जीव होता. मग तीन वाजले आणि शून्याची ओळ आली. मी रडलो. पौर्णिमाला वाटलं बोर्ड जळला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं किरनापुरला गेलो. बाई अंगणात सूप घेऊन लाखोळीची डाळ निवडत बसली होती. बोटांनी चाचपून खडे काढत होती. माझी चाहूल लागली तशी तिनं मान उजवीकडे कलती केली, कोंबडी बघते तशी.

“कोण हाय जी?”

चार फुटांवर मी उभा होतो. “मी हावो, बाई,” म्हणालो, तेव्हा सूप तिच्या हातून खाली ठेवलं गेलं.

“खेमू? कोणच्या गाडीनं आला? सांगितलं नाई, मी स्टँडवर आली असती ना!”

मी खाली बसलो. ती पाणी आणायला उठली, भिंतीला हात लावत लावत आत गेली आणि आली. उजव्या डोळ्यानं काहीच दिसत नाही, हे तिनं तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं. दोन वर्षं झाली होती.

“मंग फोनवर काहून नाई सांगितलं?”

“तुले काम राह्यते.”

“दवाखान्यात आलती, तिथून माह्यं घर पंधरा मिनिटांवर हाय. घरी काहून नाई आली?”

बाई हसली. “बिना मुऱ्हाळ्याची कशी येऊ, बाबू?” हे तिनं थट्टेनं म्हटलं. पण चार वर्षं ती खरंच वाट बघत होती, हे मला त्या हसण्यात दिसलं, आणि जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

“तीन-तीन डाव दिवसभर बसून राह्यली. कोणाले बोलायचं त होतं. वैताग नाई आला तुले?”

“काहून येईन? तू बोलत होता ना.” तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. “पयल्या दिवशी आवाज आयकला त वाटलं, माह्या खेमूच अंदर बसला हाय. मी त्या बाईले पुसलं, तिनं सांगितलं मशीन हाय, सरनं बनवली. मंग मी तिथंच सरकून बसली, डब्ब्याजवळ. सत्रा नंबर तू अजूनबी तसाच मनते, पाढ्यातल्यावानी, जरासा थांबून.”

मी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

“दुसऱ्या डाव त मी डोयाचं नावच केलं,” ती म्हणाली. “आवाज आयकाले गेलती.”

मला बाईची आठवण येत होती. समोर बसलेल्या बाईची, तिच्याच अंगणात. एवढी वर्षं ती तासाभरावर होती आणि मी रांगांवर भाषणं देत होतो.

शुक्रवारी न्यायला येतो असं सांगून मी परतलो, आणि चार दिवस घराबाहेर पडलो नाही. नवा नियम लिहिला. गटाचा आकडा एकटा चालणार नाही, आल्याची वेळही धरायची. वेळेत गटाची मिनिटं मिळवायची. दुसऱ्या गटाला अर्धा तास, तिसऱ्याला एक, चौथ्याला दोन तास. ज्याची बेरीज कमी तो वर. मार लागलेला तेवढा सरळ वर जाईल, बाकी कुणाचाही नंबर कितीही खालचा असला तरी वाट बघून बघून वर येणारच. शून्याची ओळ काढून टाकली. आज राहिलेले पुढच्या वेळी पहिले. आणि चौथं बटण तीन वेळा दाबल्याशिवाय लागणारच नाही असं केलं, म्हणजे गीताबाई तीन वेळा विचारतील. डॉक्टर म्हणाल्या, हे कोणत्या पुस्तकात आहे? मी म्हणालो, हे आमच्या घरात आहे.

शुक्रवारी मी मुऱ्हाळी होऊन किरनापुरला गेलो आणि बाईला घेऊन आलो. छप्पन्न वर्षांचा मुऱ्हाळी. बाईनं नवं लुगडं नेसलं होतं, आणि शेजारच्या चार घरी सांगून आली, भाऊ न्यायला आला.

डॉक्टरांनी शनिवारी काय सांगितलं ते आधी सांगतो, म्हणजे जीव टांगणीला राहणार नाही. काचबिंदू. उजवा डोळा गेला, तो येत नाही. डाव्यात निम्मी नजर आहे, थेंब नेमानं घातले तर तेवढी राहील. मी विचारलं, तीन शनिवार चुकले त्यानं बिघडलं का? डॉक्टरांनी फाइलमध्ये लिहिता लिहिता म्हटलं, “तीन हफ्ते से नहीं, सर. ये तो चार साल से बिगड़ रहा है.” त्या आजाराबद्दल बोलत होत्या.

पण हे नंतरचं. त्याआधी आम्ही दोघं साडेनऊला जाऊन बाकावर बसलो, डब्ब्याच्या अगदी खाली, खिडकीला लागून. गीताबाईंनी विचारलं, बाई म्हणाली बरं आहे जी, आणि मी मध्येच तोंड घालून दुसऱ्या गटाचं बटण दाबायला लावलं. टोकन अकरा. बाईनं माझा हात आपल्या मांडीवर धरून ठेवला होता. गावातल्या कोणत्या घरात आता कोण राहतं, ते सांगत होती. बोरिंग बुजलं म्हणाली. मध्येच डब्बा बोलायचा, तेव्हा ती गप्प व्हायची, ऐकायची, आणि पुन्हा सुरू करायची.

दहा वीसला मशीन म्हणाली, “टोकन नंबर अकरा, आत यावे.”

माझ्या आयुष्यात मी लिहिलेला कोणताही प्रोग्राम चालल्यावर मला एवढा आनंद झाला नव्हता. मी उठलो. “चाल बाई, तुह्या नंबर आला!”

बाई उठली नाही. पलीकडे एक लेकुरवाळी मांडीवर मूल घेऊन बसली होती, मूल किरकिरत होतं. बाईनं तिच्याकडे मान कलती केली. “तू जाय वं माय, पयले. तुह्यं लेकरू रडून राह्यलं.”

“बाई!” मी ओरडलोच. पन्नास वर्षांपूर्वीचा तो पाय आपटणारा पोरगा माझ्यात उभा राहिला. “नंबर आला ना तुह्या! आयकला नाई का?”

“आयकला. तूच त बोलला.” तिनं माझा हात ओढून मला खाली बसवलं. “अंदर गेली का मंग घरी जाची घाई, मंग थेंब, मंग तुह्यं काम. बस ना जरासा.”

जो सगळ्यांच्या वर पोचला आणि आपणहून म्हणाला, जाऊ दे तिला पहिले, त्याच्यासाठी माझ्या प्रोग्राममध्ये जागा नव्हती. वरून उचललेला माणूस तिथं संपतो. त्याला पुन्हा शेवटच्या घरातूनच यावं लागतं. ती लेकुरवाळी आत गेली. गीताबाईंनी खिडकीतून मला विचारलं, “सर, इनको फिर से डालना है? कोणत्या गटात टाकू?”

मी बोलायच्या आत बाई म्हणाली, “बरं आहे मन त्याईले.”

गीताबाईंनी नव्या नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा विचारलं, काय तकलीफ हाय, माय? बाई म्हणाली, बरं आहे जी. गीताबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी एक शब्द बोललो नाही.

“बरंच हाय,” बाई म्हणाली.

चौथं बटण तिसऱ्यांदा दाबलं गेलं. दोन तास. मी चपला काढल्या आणि बाकावर मांडी घालून बसलो.